ध्रुव इंजिन चालू आहे

भात कच्चा राहिला म्हणून कोणी ताटाला बोल लावतं का? मल्लेश्वरममधल्या त्या ऑफिसात लावत होते, आणि बोलणी खाणारं ताट होती मुग्धा.

पुण्याहून इथे कानडी मुलखात नोकरीसाठी आलेली ही मुलगी श्रीरंग सरांच्या छोट्या कंपनीत अजून प्रोबेशनवरच होती. हातात काम होतं एका कपड्यांच्या कारखान्याचं. शर्टाच्या बाह्या, पाठ, कॉलर कापडावर कशा मांडल्या की चिंध्या कमी निघतील, हे कॉम्प्युटरने सांगायचं. हिशेबाचा भाग तिच्या सहकाऱ्याने, ध्रुवने, पायथनमध्ये लिहिला होता. मुग्धाने टीकेइंटर नावाची लायब्ररी घेऊन त्याला खिडकी दिली होती: मापं भरायचे रकाने, बटणं, मांडणीचं चित्र. ध्रुवच्या कामाला सर ‘इंजिन’ म्हणत. मुग्धाच्या कामाला ‘रंगरंगोटी’. ही रंगरंगोटी नसती तर कारखान्यातल्या माणसाने काळ्या पडद्यावरचे आकडे बघत बसावं लागलं असतं, पण ते सांगायचं कुणाला?

वर ध्रुवचा आग्रह, की इंजिनाचं नाव खिडकीत दिसलंच पाहिजे. सरांनीही मान डोलावली. मग मुग्धाने ठळक अक्षरांत ‘ध्रुव इंजिन’ लिहिलं. स्वतःचं नाव कुठे घालू, असं तिने विचारलं तेव्हा दोघंही हसले. ते हसू तिच्या डोक्यात गेलं ते गेलंच.

पहिल्या डेमोला कारखान्याचे मॅनेजर कल्लाप्पा आले. माणूस निपाणीकडचा, मराठी घरची. ध्रुवने ऐटीत ‘मांडणी करा’ हे बटण दाबलं आणि खिडकी गोठली. गोठणारच होती. बटण दाबलं की खिडकी हिशेबाच्या ताब्यात जाते; हिशेब परत येईपर्यंत तिला ना स्वतःला रंगवता येत, ना माउसचं ऐकता येत. हे मुग्धाने ध्रुवला आधीच बजावलं होतं. हिशेबाचे लहान तुकडे कर, मधेमधे खिडकीला श्वास घेऊ दे, असं सांगितलं होतं. “इंजिनाला हात लागणार नाही,” तो म्हणाला होता. “तुझी खिडकी तू बघ.”

आता हाच शहाणा घाबरून ते बटण दाबत सुटला. प्रत्येक दाब रांगेत जाऊन उभा राहिला. एक हिशेब संपला की खिडकी डोळे उघडायच्या आत दुसरा सुरू.

“मशीन मेलं की काय हो?” कल्लाप्पांनी विचारलं.

“इंजिन उत्तम आहे,” सर म्हणाले. “खिडकी कच्ची आहे. आमची नवीन मुलगी आहे ना.”

कल्लाप्पा गेल्यावर सरांनी मुग्धाला स्वच्छ शब्दांत सांगितलं, की पुढच्या डेमोला खिडकी गोठली तर नोकरी पक्की होणार नाही. नंतर सर आणि ध्रुव बाय-टू, म्हणजे एकाच कपाची दोघांत वाटलेली कॉफी प्यायला खाली गेले. हिला साधं विचारलंही नाही. संताप संताप झाला तिचा. चूक त्याची, आणि पुण्याचं तिकीट हिने काढायचं?

रडत बसणारी ती नव्हती. इंजिनाला हात लावायचा नाही ना? नाही लावला. तिने खिडकी आणि हिशेब असे दोन वेगळे प्रोग्रॅमच करून टाकले. खिडकीने मापं फाइलीत ठेवायची, हिशेबाने ती उचलून आपल्या गतीने काम करायचं आणि उत्तर दुसऱ्या फाइलीत टाकायचं. खिडकी अधूनमधून नुसती डोकावून बघणार, उत्तर आलं का. तोवर ती जिवंत. बटण एकदा दाबलं की मुकाट्याने करडं होणार, म्हणजे कुणाचे हात शिवशिवले तरी बिघडायचं नाही. आणि खाली एक ओळ, काय चाललंय ते खरंखरं सांगणारी.

दुसऱ्या डेमोला कल्लाप्पा खरी ऑर्डर घेऊन आले आणि स्वतःच खुर्चीवर बसले. बटण दाबलं. ओळ उमटली: ‘ध्रुव इंजिन चालू आहे.’ ते थांबले, मग दुसऱ्या शर्टाची मापं उघडून बघितली, चित्र लहानमोठं करून बघितलं. सगळं सुरळीत. ओळ मात्र तीच. कॉफी आली, संपली. ओळ तीच.

“अक्का, ही खिडकी कुणी केली?”

“मी.”

“झकास आहे. माझी पोरं उद्यापासून वापरतील.” मग त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “हे ध्रुव इंजिन तेवढं बदला. लई मंद आहे. कुणाचं आहे हे?”

नाव तर समोर ठळक अक्षरांत होतंच. ध्रुव खिडकीबाहेर बघत राहिला, म्हणजे भिंतीतल्या खिडकीबाहेर.

कल्लाप्पांना खाली रिक्षापर्यंत सोडून सर परत आले ते थेट मुग्धाच्या टेबलाशी. “ते नाव जरा काढून टाक. रंगरंगोटीच तर आहे, कितीसा वेळ लागतो?”

“काढते ना, सर,” मुग्धा म्हणाली. “आधी माझी नोकरी पक्की झाल्याचं लिहून द्या. तोवर राहू दे. चालूच आहे अजून.”

सरांनी पडद्याकडे बघितलं; ओळ तीच होती. मग खिशातून पेन काढलं.