नाना, खाली उतरा

सोयरिकी जुळवायची मला खोडच आहे. शिव्या खातो आणि पुन्हा तेच करतो. एक्क्याण्णव साली भडगावच्या झुलालनानांना मी जळगावात आणलं, ते त्यांच्या लेकीसाठी मुलगा दाखवायला. मुलगा मेहरूणचा लीलाधर, पाइपांच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. नाना म्हणाले, घर नंतर, आधी काम बघू. आ बैल मला मार म्हणतात ते हेच.

कारखान्याचं मागचं आवार म्हणजे नुसती काळी माती आणि दगडधोंडे. लीलाधर आधी सगळी वाट पायी चालून आला, आडवे दगड बाजूला केले. मग पाइपांचा भारा जमिनीलगत धरून मुंगीच्या पावलांनी निघाला. मी मनात म्हटलं, बाबा रे, आज तरी जरा रुबाब दाखव.

तेवढ्यात पुढचं चाक भुसभुशीत मातीत खचलं आणि मागची चाकं बोटभर उचलली. त्याने भारा लगेच खाली टेकवला. पण बैलगाडी मागे कलली की पुढे माणूस बसवायचा, हे नानांच्या हाडात मुरलेलं. ही पुढे कलली, म्हणून ते धावत जाऊन मागे चढून बसले.

"चालव आते. मी शे ना मांगे."

लीलाधरने इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली. "नाना, खाली उतरा."

"आरे, मी जल्मभर गाडी हाकेल शे."

"असेल. पण हिच्यावर वजनाला माणूस बसवत नाहीत. हिसका बसला तर तुम्हीच चाकाखाली जाल. तुम्ही उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही."

होणाऱ्या सासऱ्याला सगळ्या हमालांसमोर कुणी असं उतरवतं का? मी डोळे वटारले, हा आपला ढिम्म. नाना उतरले, पण चेहरा बघून मी ओळखलं, हातातोंडाशी आलेला घास गेला. लीलाधरने मात्र शांतपणे अर्धे पाइप काढले, खड्ड्यात मुरूम भरला आणि दोन खेपांत माल नेला. मला त्याचा भयंकर राग आला होता.

बसस्टँडवर नानांनी चहा संपवून कप खाली ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

"सासरा रुसना तरी चाली, पन पडाले नको, आसा पोऱ्या शे तो," ते म्हणाले. "मनी पोरगीले तो कसा पडू दी? तारीख काढ."