नीवेसचे राहिलेले पेपर

मी एक ड्रायर. हातात धरून केसांवर फिरवतात तो नव्हे. पार्लरमध्ये खुर्चीमागे एका पायावर उभा असतो आणि रोलर लावलेल्या बाईच्या डोक्यावर टोपासारखा उतरवतात, तो. आता माझं वय झालंय. बटण दाबलं की आधी खोकतो, मग घरघरतो, मग कुठे गरम वारा येतो. बोलायची हौसही फारशी उरलेली नाही. पण भंगारात जायच्या आधी नीवेसचं सांगून ठेवावं म्हणतो, कारण बाकीचे सांगतील ते तिखटमीठ लावून सांगतील.

माझा जन्म इटलीच्या उत्तरेकडचा, मिलानजवळच्या एका कारखान्यातला. तिथून एका ट्रकमध्ये आडवा पडून मी अब्रुझोच्या डोंगरातल्या या गावात आलो. माझी मालकीण ओर्नेल्ला, तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं आणि चौकातलं हे दुकानही नवंकोरं होतं. तिचा नवरा एत्तोरे सिमेंटच्या कारखान्यात कामाला होता. त्याने मला उचलून आत आणलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. ओर्नेल्ला रोज संध्याकाळी मला ओल्या फडक्याने पुसायची. पुढे पुसणं आठवड्यावर आलं, मग सणासुदीवर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माणसं घरातल्या माणसांचंही असंच करतात.

माझ्याखाली बसलेल्या बाईला बाहेरचं काही ऐकू येत नाही. मग तिला वाटतं, आपलं बोलणंही कोणाला ऐकू जात नाही. म्हणून ती ओरडते. सुनेचं वागणं, नवऱ्याचं घोरणं, डॉक्टरने सांगितलेलं आणि घरी न सांगितलेलं, सगळं मी या खुर्चीत ऐकलंय, आणि माझ्याबरोबर अख्ख्या दुकानाने. सुरुवातीला मजा वाटायची. आता कंटाळा येतो. तीच रडगाणी आता त्यांच्या मुली गातात, एवढाच फरक.

नीवेस ही ओर्नेल्लाची एकुलती एक. लहानपणी थंडीत ती माझ्याखाली टॉवेलांच्या ढिगावर बसून पुस्तक वाचायची आणि हळूच मला चालू करून ऊब घ्यायची. आई ओरडली की बंद करायची आणि पाठ वळली की पुन्हा चालू. मला ती पोर फार आवडायची. मोठी झाल्यावर ती इतिहास शिकायला बोलोन्याला गेली. सुट्टीत आली की आईला कुठल्या कुठल्या राजांच्या भानगडी सांगायची. ओर्नेल्लाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण केस कापता कापता ती मान डोलवायची आणि गिऱ्हाइकांकडे बघायची, ऐकताय ना, अशी.

आमच्याकडे पोरगं पदवीधर झालं की साखरेत घोळवलेले लाल बदाम वाटतात. लग्नाला पांढरे, पदवीला लाल. आणि ते वाटायचे निकाल लागल्यावरच. आधी वाटले की अपशकुन होतो असं मानतात. हे ओर्नेल्लाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या उन्हाळ्यात तिच्या नणंदेच्या मुलाचे बदाम गावभर वाटले गेले होते आणि ही रोज ते ऐकून ऐकून धुमसत होती. नीवेस फोनवर म्हणाली होती, "आता थोडेच पेपर राहिलेत, आई." थोडेच राहिलेत म्हणजे झालंच की. ओर्नेल्ला या बदामांच्या गावाला, सुल्मोनाला गेली, जाळीच्या पुरचुंड्यांत लाल बदाम बांधून आणले आणि शनिवारी एकेका गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवले. "झाली माझी नीवेस," असं म्हणत. फादरला दिले, औषधवाल्याला दिले. एक पुरचुंडी माझ्या दांडीलाही बांधली.

पानगळ सुरू झाली आणि एत्तोरेचा खोकला थांबेना. नीवेस दोन आठवड्यांसाठी म्हणून आली. बाप हिवाळ्यात गेला. आई दुकानात उभी राहीना, म्हणून लेकीने कात्री हातात घेतली. दोन आठवड्यांची वर्षं झाली, मग वर्षं मोजायचंही राहून गेलं. पुस्तकांची खोकी माळ्यावर गेली.

गावाच्या लेखी मात्र ती पदवीधर. इथे साधी पदवी असली तरी माणसाला 'दोत्तोरे' आणि बाईला 'दोत्तोरेस्सा' म्हणतात. "दोत्तोरेस्सा, जरा मागून आखूड कर." "दोत्तोरेस्सा, माझा रंग उतरला बघ." दर वेळी नीवेसचा हात एक क्षण थांबायचा. तिने कधी कोणाला खोडून काढलं नाही. खोडून काढलं तर आई खोटी ठरते. ओर्नेल्लाही गल्ल्याजवळ बसून टॉवेलांच्या घड्या घालत राहायची. मायलेकी याबद्दल एकमेकींशीही कधी बोलल्या नाहीत. मला वाटायचं, आता ही गोष्ट दोघींबरोबरच जाणार.

मग गेल्या वसंतात योलांदा माझ्याखाली बसून ओरडली. योलांदा म्हणजे बेकरीवाली, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि ओर्नेल्लाची बालमैत्रीण.

"नीवेस, ग्रंथालयातली बाई पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. नगरपालिका जागा भरणार आहे. पदवी लागते म्हणे. तुझ्याशिवाय आहे कोण गावात? अर्ज कर, मूर्ख आहेस का?"

"बघते, मावशी," नीवेस म्हणाली.

"बघते काय? आयुष्यभर आमची टकुरीच धुणार आहेस का?"

सगळ्या हसल्या. नीवेसही हसली. त्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर ती माझ्या खुर्चीत बसून रडली. तिला ती जागा हवी होती. इतकी वर्षं तिने कशाचीही इच्छा धरलेली मी पाहिली नव्हती, त्यामुळे ते बघणं मला जड गेलं.

इथे सोमवारी पार्लरं बंद असतात. तेव्हापासून दर सोमवारी ती खाली यायची, शटर अर्धं ओढायची आणि माझ्या खुर्चीत बसून दूरशिक्षणाच्या कॉलेजांना फोन लावायची. एवढी कॉलेजं या देशात आहेत हे मला माहीत नव्हतं. प्रत्येक ठिकाणी फोन उचलणारी माणसं अशी गोड बोलत की मला साबणवाले विक्रेते आठवत. नीवेस काही भुलली नाही. आधी ती विचारायची, तुमच्या पदवीला मंत्रालयाची मान्यता आहे का. मग, माझे बोलोन्यात पास झालेले जुने पेपर धरणार का. आणि शेवटी जरा खालच्या आवाजात, परीक्षेला कुठे बसावं लागेल.

"दोत्तोरेस्सा, तुम्ही अगदी निश्चिंत राहा," एकजण म्हणाला.

"मी दोत्तोरेस्सा असते तर तुम्हाला कशाला फोन केला असता?" ती म्हणाली. आणि त्या कॉलेजच्या नावावर काट मारली.

होता होता दोनच कॉलेजं उरली. एकाने तिचे जवळजवळ सगळे जुने पेपर धरले. राहिलेले तेवढे द्यायचे, एक छोटा प्रबंध लिहायचा, आणि ग्रंथालयाच्या जागेपर्यंत पदवी हातात. पण आमच्या खोऱ्यासाठी त्यांचं परीक्षाकेंद्र आमच्याच चौकात, ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर. जिना बाहेरून. समोर बार, शेजारी बेकरी. कोण चढलं, कोण उतरलं, सगळ्या गावाला दिसणार. दुसऱ्या कॉलेजचं केंद्र लांब, पेस्कारात. तिथे तिला कुत्रंही ओळखत नव्हतं. पण ते म्हणाले, तुमचे पेपर फार जुने झाले, बहुतेक सगळं पहिल्यापासून करा.

कित्येक सोमवार ती या दोघांमध्ये लटकत राहिली. शेवटी एकदा ओर्नेल्ला मागच्या दाराने आत आली आणि तिने फोन ऐकला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"पेस्काराला जा," ती म्हणाली.

"तिथे माझी काही वर्षं जातील, आई. ग्रंथालयाची जागा काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

"मग जागा सोड. पार्लर आहे की."

"कुठेय पार्लर? गेल्या हिवाळ्यात आपण जेवढ्या बायकांचे केस या खुर्चीत विंचरले, जवळपास तेवढ्यांचे शवपेटीत विंचरले."

हे खरं होतं. शनिवारी माझ्याकडे पूर्वी रांग लागायची, आता मधे मधे मी गार होऊन जातो.

"गाव हसेल," ओर्नेल्ला म्हणाली.

"हसू दे. दोन दिवस हसतील, मग कोणाचं तरी लग्न मोडेल."

"तुझं ठीक आहे गं. थोबाड माझं फुटेल."

"आई, मी चोरी करायला नाही चालले. परीक्षेला चाललेय."

ओर्नेल्ला खुर्चीच्या हातावर टेकली. बराच वेळ ती एका टॉवेलची घडी घालत होती आणि मोडत होती.

"बदाम मी घाईने वाटले," ती म्हणाली. "माहीत असून वाटले. म्हणून तुझे बाबा गेले. म्हणून तुझं राहिलं. आणि आता तू पुन्हा सगळ्या चौकाला दाखवून तो जिना चढणार. आधी बोललं की नासतं, नीवेस. मला नाही बघवणार."

इतकी वर्षं नीवेसला वाटत होतं, आई लाजेपायी गप्प आहे. मलाही तेच वाटत होतं, आणि मी तर तिला लेकीपेक्षा आधीपासून ओळखतो. ही बाई नवऱ्याचं मरण स्वतःच्या माथी घेऊन टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती.

नीवेसने तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला. "बाबांच्या फुप्फुसात सिमेंट होतं, आई," ती म्हणाली. "बदाम नव्हते."

ओर्नेल्लाने मान हलवली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही. पुढच्या सोमवारी नीवेसने चौकातल्या कॉलेजात नाव घातलं. ओर्नेल्लाने दुकानात खाली येणं बंद केलं.

उन्हाळा, मग पानगळ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की नीवेस माझ्याखाली बसून वाचायची आणि मधेच डोळे मिटून तारखा पुटपुटायची. जमेना झालं की पुस्तक मांडीवर पालथं घालून नुसती बसून राहायची. एकदा म्हणाली, "डोकंच राहिलं नाही रे आता." मलाच म्हणाली असणार, दुसरं कोणी नव्हतं. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, आणि करता मात्र काही येत नव्हतं.

पहिला पेपर शनिवारी सकाळी आला, नेमका आमच्या कामाच्या दिवशी. नीवेसने दारावर 'आज बंद'ची पाटी लावली, कोट घातला आणि निघाली. काचेतून मला तो जिना दिसतो. ती मान खाली घालून चढली.

थोड्या वेळाने आमच्या दुकानावरच्या घरातून ओर्नेल्ला खाली आली. रविवारचा कोट, केस विंचरलेले. तिने पाटी उलटी केली, दिवे लावले, माझी वायर तपासली. आणि मग आरशासमोर उभी राहून हळूच म्हणू लागली, "पेस्काराला गेलीय, रंग आणायला. पेस्काराला गेलीय, रंग आणायला." मी ऐकलं आणि मला फार थकल्यासारखं झालं. म्हटलं, पुन्हा तेच.

योलांदा आली. तिच्या मागून आणखी तिघी-चौघी आल्या.

"अगंबाई, तू? आणि दोत्तोरेस्सा कुठेय?"

ओर्नेल्लाच्या हातातला कंगवा थांबला. तिने काचेतून पलीकडे पाहिलं.

"परीक्षेला गेलीय," ती म्हणाली. "समोर."

"आता कसली परीक्षा?"

"पदवीची. झालीच नव्हती तिची. मी खोटं सांगितलं होतं तुम्हा सगळ्यांना."

 एकीने दुसरीकडे पाहिलं. मला वाटलं, आता एकेक उठून जाणार. योलांदाने पिशवी खाली ठेवली.

"मग माझे केस कोण करणार?"

"मी."

"तुझे हात थरथरतात."

"थरथरतात."

योलांदा खुर्चीत बसली. ओर्नेल्लाने रोलर लावले, तीन वेळा खाली पाडले, तीन वेळा उचलले. मग मला तिच्या डोक्यावर उतरवलं. मी खोकलो, घरघरलो, पण बंद पडलो नाही. त्या दिवशी मी बंद पडलो असतो तर स्वतःला माफ केलं नसतं. रोलर काढल्यावर एक बाजू फुगलेली आणि दुसरी चपटी.

"वाकडं झालंय," योलांदा आरशात बघून म्हणाली.

"हो."

"बरं, असू दे." आणि ती तशीच बसून राहिली. बाकीच्याही बसून राहिल्या. नीवेस जिना उतरून दाराशी आली तेव्हा आईसकट सगळं दुकान तिच्याकडे बघत होतं. 

"नीवेस, जेवलीस का काही?" योलांदाने विचारलं. या वेळी तिने 'दोत्तोरेस्सा' म्हटलं नाही. नीवेसने आईकडे पाहिलं, आणि दारातच उभी राहून ढसाढसा रडली.

आता बोलणं आवरतो, दम लागतो मला. अजून पेपर राहिलेत, प्रबंध राहिलाय, आणि त्यानंतरही ती जागा तिलाच मिळेल याची काही खात्री नाही. मिळाली तर हे दुकान बंद होणार, हे मला माहीत आहे. माझ्यासारखं जुनं धूड कोण घेणार? तुम्ही या भागात असलात तर शनिवारी केस करायला या, आणि मी खोकलो तर रागावू नका. कॉलेजची फी याच खुर्चीतून निघते. तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत मी कसाही चालेन. त्यानंतर खुशाल माझी वायर काढा.