ग्रहण बघायला या

येडशीच्या शाळेतले कैवल्य सर ग्रहणाला घाबरणाऱ्यांची भर वर्गात टर उडवायचे. या वेळी तर त्यांनी सगळ्या गावालाच मैदानावर बोलावलं. चंद्र ग्रासलेलाच उगवणार होता. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये गावाचे अक्षांश-रेखांश घालून सरांनी उगवायची जागासुद्धा काढली होती, पाण्याच्या टाकीच्या जरा उजवीकडं. "गरोदर बायांनी तर आधी यावं," असा निरोप त्यांनी घरोघर धाडला. "काही होत नाही, नुसती सावली आहे ती."

सरांची बायको जाई पाच महिन्यांची गरोदर होती. मागच्या खेपेला मूल वाचलं नव्हतं. ती साडी बदलून निघाली, तसे सर चाचरत म्हणाले, "तू राहू दे. खिडकी लावून घे."

ती बघतच राहिली. "तुम्ही मानता हे?"

"छे गं! पण एवढ्या वेळेपुरतं." ग्रहण कधी सुटतं ते सॉफ्टवेअरमध्ये पाहून त्यांनी तिला गजरही लावून दिला. आपलीच आपल्याला लाज वाटली, पण दार ओढून घेतलं.

मैदानावर निकिता भेटली. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, आता गावातल्या शेतकऱ्याघरची सून. दिवस भरत आले होते.

"म्याडम कुठं हायत, सर?"

"आईनं सोडलं नाही. जुनी माणसं, काय करणार!" आई तर आठवडाभर तेरखेड्याला लेकीकडं होत्या.

"आमच्या सासूबाईबी लई ओरडल्या. म्या म्हणलं, आमचं सर खोटं सांगायचं न्हाय. मग सोडलं."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात टाकीच्या उजवीकडून तांबूस, अर्धामुर्धा चंद्र वर आला. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सरांनी मान वर केली नाही.

फोन वाजला. घर शाळेच्या मागंच होतं.

"टाळ्या ऐकू आल्या," जाई म्हणाली. "जमलं म्हणायचं गणित. आता येऊ का मी?"

ये म्हणायचं, एवढंच काम होतं. निकिता शेजारीच उभी होती. तरी सरांची नजर लॅपटॉपकडं गेली.

"अजून सुटलं नाही," ते दबक्या आवाजात म्हणाले. "थोडं थांब."

फोन ठेवून त्यांनी पाहिलं, तर निकितानं पदर पोटावर घट्ट ओढून घेतला होता.

"सर," ती म्हणाली, "मग म्या काय करू?"