सातव्या रांगेतली कुरकुर

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी कुरकुरते. ज्याला शांत खुर्ची हवी असेल त्यानं खुशाल घरी जाऊन पलंगावर बसावं.

सागवानाची पाठ, बिडाचे पाय, लाल मखमली गादी आणि माणूस उठला की आपोआप वर मिटणारी बैठक. अशा आम्ही चारशे बहिणी एकाच कारखान्यात तयार झालो आणि एका चित्रपटगृहात येऊन रांगेनं उभ्या राहिलो. माझी रांग सातवी, नंबर चौदा. म्हणजे अगदी मधोमध. इथून पडदा जितका छान दिसतो तितका मालकांच्या खास खोलीतूनही दिसत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, मालक स्वतः चोरून इथे येऊन बसायचे.

तरुणपणी माझे फार लाड झाले. पुढे गादीला भोकं पडली, कुणीतरी हातावर किल्लीनं नाव कोरलं, कुणीतरी बैठकीखाली चघळलेलं च्युइंगम चिकटवलं. ते अजून तिथेच आहे. आणि एके वर्षी माझ्या बिजागरीत कुरकुर शिरली. माणूस जरा हलला की कुर्र. पायावर पाय टाकला की कुर्र. हळूहळू ही खोड माझ्या सगळ्या रांगेला लागली.

चित्रपटगृहाचे सुतारकाका माझ्यावर दात खाऊन होते. तीस वर्षं त्यांचा एकच ध्यास, की खेळ चालू असताना एकाही खुर्चीचा आवाज येता कामा नये. दर सोमवारी ते लांब नळीची तेलाची बुधली घेऊन फिरत. खेळाच्या वेळी मागच्या भिंतीला टेकून, मान खाली घालून, कान देऊन उभे राहत. तीस वर्षांत त्यांनी एकही चित्रपट पाहिला नव्हता. त्यांनी फक्त खुर्च्या ऐकल्या होत्या.

मग आमच्या वरच्या मजल्यावर ताई आली. ताई संकलक होती. चित्रीकरण झालेल्या फितीचे तुकडे कापायचे, जोडायचे आणि त्यातून सलग चित्रपट उभा करायचा, हे तिचं काम. तिचा धाकटा भाऊ दिग्दर्शक. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून ऑपरेटरपासून सुतारकाकांपर्यंत सगळेच तिला ताई म्हणू लागले. भावाचा हा पहिलाच चित्रपट, आणि तोही गुप्तहेराचा. पाच वर्षं त्यानं त्यात जीव ओतला होता. शनिवारी सकाळी वितरक तो बघायला येणार होता. त्याला आवडला तर चित्रपट गावोगावी लागणार, नाही आवडला तर डब्यात बंद. हा वितरक कंटाळला की मध्यंतरात घरी जातो, अशी त्याची ख्याती होती.

ताईची कामाची रीत मोठी मजेदार. कच्चा चित्रपट जोडून झाला की ती ओळखीपाळखीची माणसं बोलावून सातव्या रांगेत बसवायची. पोस्टमन, शिंपीणबाई, दवाखान्यातल्या दोन नर्स, त्यांच्या सासवा. आणि स्वतः रांगेच्या टोकाला स्टूल टाकून, पडद्याकडे पाठ करून, मांडीवर वही आणि हातात घड्याळ घेऊन बसायची. कुर्र झालं की वेळ टिपायची. खेळ संपल्यावर सगळे म्हणत, छान आहे हो. ताई हसून मान डोलवायची आणि वहीत बघायची. ती भावाला सांगायची, की माणूस तोंडानं भिडेपोटी खोटं बोलतो, पण त्याच्या बुडाला भीड नसते. म्हणून तिनं सुतारकाकांना बजावलं होतं, की बाकी सगळीकडे तेल घाला, सातव्या रांगेला हात लावायचा नाही.

मित्रांनो, जिच्या कुरकुरीला जन्मभर शिव्या मिळाल्या, तिची कुरकुर कुणीतरी वहीत लिहून घेऊ लागलं. मला किती आनंद झाला असेल, विचार करा.

सोमवारी पहिली चाचणी झाली आणि त्यातून बहीणभावाचं वाजलं. चित्रपटात एक भलामोठा पाठलाग होता. गुप्तहेर एक पेटी घेऊन पळतो, मागे शत्रूची माणसं, आधी गल्ल्या, मग पूल, मग दोन होड्या. चांगली अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत आमच्या रांगेनं नुसता धुमाकूळ घातला, एकट्या माझ्या नावावर सतरा कुरकुरी. त्यानंतर एक चार मिनिटांचा प्रसंग होता. गुप्तहेर ओळख लपवायला दाढी उतरवायला न्हाव्याकडे बसतो. बस, एवढंच. कुणी पळत नाही, काही फुटत नाही. आणि त्या चार मिनिटांत आमच्या रांगेत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

भावाला हे पटेना. त्याचं म्हणणं, पाठलाग कंटाळवाणा कसा असेल? एवढी धावपळ आहे. कापायचाच तर तो न्हावी काप, तिथे काही घडतच नाही. सोमवारची माणसं म्हातारी होती, नर्स रात्रपाळीच्या दमलेल्या होत्या, असंही म्हणाला. त्या पाठलागासाठी भाऊ एकोणीस दिवस थंड पाण्यात उभा राहिला होता, हे ताईला माहीत होतं. शेवटी ठरलं, की गुरुवारी नवी माणसं बोलवायची आणि पुन्हा चाचणी घ्यायची. खुर्च्या सांगतील ते दोघांनी मुकाट्यानं ऐकायचं.

गुरुवारी सकाळी मी झाडलोट होऊन तयारीत होते, तोच सुतारकाका बुधली घेऊन आले. वितरक येणार, पोराच्या पहिल्या चित्रपटाचा प्रश्न, आणि सातवी रांग अशी बोंबलतेय, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. ताईनं नको म्हटलेलं त्यांना आठवत होतं. पण त्यांना वाटलं, ती बिचारी आपल्याला त्रास नको म्हणून म्हणाली असेल. त्यांनी प्रेमानं एकेका बिजागरीत तेल सोडलं. माझ्यात तर तीनदा.

झालं! माझी वाचाच गेली. दुपारी खेळ सुरू झाला. माझ्यावर एक बेकरीवाले बसले होते. पाठलाग आला आणि ते डावीकडे कलले, उजवीकडे कलले, खिसे चाचपले, जांभई दिली. मी जिवाच्या आकांतानं कुरकुरायला बघत होते, पण आवाज फुटेल तर शपथ. ताईची वही कोरी राहिली. भावाचा चेहरा उजळत गेला. खेळ संपल्यावर तो ताईला म्हणाला, की आता एक फ्रेमही कापायची नाही, आहे तसाच शनिवारी दाखवायचा. ताईनं होकार दिला. शब्द दिला होता तिनं. पण तिनं वही मिटली तेव्हा मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात सुतारकाका बुधली मिरवत आले. आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"ताई, ऐकलंत का? एक आवाज नाही. सातवी रांग सकाळी मी स्वतः केली."

ताईनं माझ्या बिजागरीला बोट लावलं. बोट तेलकट झालं. ते तिनं भावापुढे धरलं, आणि मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. भाऊ मात्र डोकं धरून माझ्या शेजारच्या तेरा नंबरवर बसला. सुतारकाकांना आपण काय केलं ते समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा एवढासा झाला.

आता करायचं काय? ओळखीतली सगळी माणसं दोन खेळांत संपली होती. ज्यानं चित्रपट पाहिलाय त्याला पुन्हा बसवून उपयोग नाही. चित्रपट न पाहिलेलं माणूस आणायचं कुठून? भाऊ आणि ताई दोघांनी एकदमच सुतारकाकांकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी एक नवल घडलं. ज्या माणसानं तीस वर्षं मला गप्प करण्यात घालवली, तोच माणूस रॉकेलचा बोळा घेऊन माझ्या बिजागऱ्या पुसत होता. मध्येच बैठक खालीवर करून बघायचा आणि म्हणायचा, बोल ना गं. शेवटी त्यांनी बिजागरीत खडूची पूड फुंकली. कुर्र! आम्हा दोघांच्याही जिवात जीव आला.

शुक्रवारी सकाळी चारशे खुर्च्यांच्या त्या दालनात एकटे सुतारकाका माझ्यावर बसले. पहिली दहा मिनिटं ते अंग चोरून बसले होते. आपल्या हातून आवाज होणं म्हणजे त्यांना घोर अपमान. मग पाठलाग सुरू झाला. दोन मिनिटं त्यांनी तग धरला. तिसऱ्या मिनिटाला कुर्र. मग कुर्र, कुर्र. आणि मागे न वळताच त्यांनी विचारलं, "पण त्या पेटीत आहे काय?"

"ते शेवटी कळेल, काका," अंधारातून भाऊ म्हणाला.

"मग शेवटीच पळवायचं की त्याला."

ताईनं तोंडावर वही धरली.

मग न्हाव्याचं दुकान आलं. गुप्तहेर डोळे मिटून बसलाय, तोंडाला फेस आहे. भिंतीवर पोलिसांचं पत्रक लागलंय, त्यात लिहिलंय की पळालेल्या माणसाच्या हनुवटीखाली व्रण आहे. ते पत्रक न्हावी बघतो, आपण बघतो, फक्त तो बघत नाही. वस्तरा हळूहळू हनुवटीकडे सरकतो. सुतारकाकांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. त्यांचा श्वास अडकलेला मला कळत होता. आणि मी, खडूनं कोरडीठाक झालेली मी, गप्प होते.

"डोळे उघड रे बाबा," ते पडद्याला म्हणाले.

भाऊ उठून पुढे आला. त्यानं पडद्याकडे पाहिलंच नाही, तो काकांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग वळून म्हणाला, "ताई, पाठलाग काप. मला विचारू नकोस, नुसता काप."

दिवसभर वर कात्री चालली. पेटीत सात माणसांचे फोटो होते. पेटी शत्रूच्या हाती लागली तर ती सातही माणसं पकडली जाणार होती. भावानं हे गुपित शेवटासाठी राखून ठेवलं होतं. ताईनं ते पाठलागाच्या आधीच दाखवून टाकलं, आणि अकरा मिनिटांचा पाठलाग तीन मिनिटांवर आणला. बाकीची सगळी फीत भावानं गुंडाळून एका डब्यात ठेवली आणि डब्यावर नुसतं लिहिलं, थंड पाणी.

शनिवारी वितरक आला. अंगानं भरभक्कम माणूस. बसला तशी मी कण्हलेच. त्यानं खिशातून चॉकलेटची एक गोळी काढली आणि तिचा कागद सोडायला घेतला. सात फोटो दिसले आणि पाठलाग सुरू झाला, तेव्हा कागद अर्धा सुटला होता. न्हाव्याचं दुकान आलं तेव्हाही अर्धाच सुटलेला होता. मध्यंतरात दिवे लागले, ताईनं श्वास रोखला, पण हा गृहस्थ जागचा हलला नाही. सुतारकाका मागच्या भिंतीला टेकून, हात खिशात कोंबून उभे होते. त्यांची मान आज वर होती. ते चित्रपट बघत होते.

चित्रपट संपला. गोळी तळहातात वितळून गेली होती. वितरक उठला, आणि मी इतक्या वेळची सगळी कसर भरून काढत जी कुरकुरले, की तो दचकला.

"चित्रपट मी घेतला," तो भावाला म्हणाला. मग सुतारकाकांकडे वळला. "पण या खुर्चीला जरा तेल घाला हो."

"नाही घालत, साहेब," सुतारकाका म्हणाले. बहीणभाऊ दोघंही इतके हसले, की त्या माणसाला काही उमगेना.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. माझ्यावर नावं कोरू नका, च्युइंगम चिकटवू नका, गादीतला कापूस ओढू नका. ताईचं पुढच्या चित्रपटाचं काम सोमवारपासून सुरू होतंय, मला धडधाकट राहायला हवं. आणि कधी तुम्ही बसला असताना मी कुरकुरले, तर मला चापट मारू नका. आधी समोर पडद्यावर काय चाललंय ते बघा. कुणी उगाचच पळत असेल.