भानूची व्हीलचेअर

देवाला जाणाऱ्या माणसांची मला एरवी चीड येत नाही. पण यतीनने मांडलेली केदार-बद्रीची तयारी पाहिली, तेव्हा मात्र आली.

यतीन म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, भानुमतीचा मुलगा. आम्ही दोघी नोएडातल्या एकाच सोसायटीत राहतो. दोघींचीही हयात दिल्लीत गेली. तिचे यजमान रेल्वेत होते, मी कृषी मंत्रालयात. डोंगर इथून एका रात्रीच्या प्रवासावर, आणि भानू कधी हरिद्वारच्या पुढे गेली नाही. आधी यजमानांची रजा मंजूर होईना, मग मुलाच्या परीक्षा, मग नातवंडं. आता मात्र यतीन स्वतःहून म्हणाला, "आई, या वेळी तूही चल." त्या दिवसापासून बाईने लिफ्ट सोडली. केदारनाथला पायीच चढायचं, घोडा नको नि हेलिकॉप्टर नको, हा तिचा हट्ट. रोज संध्याकाळी ती जिने चढायची आणि मी खाली बाकावर बसून तिची टिंगल करायची. खरं तर तिचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत, याचा मला हेवा वाटायचा.

रविवारी बेत पक्का करायला सगळे जमले. यतीन, त्याची बायको देवयानी आणि यतीनच्या ऑफिसातला अनुराग. भानूने साबुदाण्याची खिचडी केली होती, म्हणून मलाही बोलावणं. तुपकट बोटांनीच तिघं मोबाइलवर हॉटेलं चाळत होती. गीझर चालतो का, खिडकीतून बर्फ दिसतो का, रील कुठे छान निघेल. देवयानीने बर्फावर उठून दिसावी म्हणून लाल पैठणी काढून ठेवली होती. देवाचं नाव मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. मी खिचडीची बशी अर्धीच बाजूला ठेवली.

तेवढ्यात यतीन खाली जाऊन एक व्हीलचेअर ढकलत घेऊन आला. तळमजल्यावरचे एक आजोबा मागच्या हिवाळ्यात वारले, त्यांची होती. रेक्झिनवर पिवळट डाग होता आणि फिनेल मारूनही लघवीचा वास जात नव्हता.

"ही कुणाला रे?" मी विचारलं.

"आईला. बिल्कुल परफेक्ट आहे ना? मावशी, मागच्या वर्षी अनुरागची आजी होती त्यांच्याबरोबर. व्हीलचेअर दिसली की लोक आपणहून वाट देतात. आजीच्या मागोमाग सगळी फॅमिली आत! बाकीचे बसले रांगेत कुडकुडत."

"अरे, पण ती तर चालते!"

"वर हेलिकॉप्टरने जायचंय, मावशी. चालायचंय कुठे?"

हेलिकॉप्टरचं भानूला कुणी सांगितलंच नव्हतं. ती हातातला चमचा तसाच धरून उभी राहिली. देवयानीने डागावर उशी टाकली, सासूला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि वर कौतुकाने म्हणाली, "आई, मान जरा खाली. आणि तिथे फार बोलायचं नाही, अच्छा?" अनुरागने फोटो काढला. तिघंही खळखळून हसली. त्या हसण्याची मला त्या वासापेक्षा जास्त किळस आली.

माझा तोल सुटला. "लाज नाही वाटत? धडधाकट आईला लुळी-पांगळी करून देवाच्या दारात पुढे घुसणार तुम्ही? आणि मागे कुणी खरंच अपंग उभा असला तर?"

"यार मावशी, सगळेच करतात," यतीन वैतागला. "आणि त्यासाठीच तर आईला घेतलंय ना!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. देवयानीने नजर मोबाइलमध्ये खुपसली.

"भानू, ऊठ," मी म्हणाले. "ऊठ आधी त्यातून. नाही गेलीस तर काही बिघडत नाही."

ती उठेल याची मला खात्री होती. या बाईने उभ्या आयुष्यात खोट्या तापाची रजासुद्धा मुलाला घेऊ दिली नव्हती. ती उठली नाही. दोन्ही पाय खुर्चीच्या पट्ट्यांवर नीट ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"केतकी, इतकी वर्षं पायांवर उभी होते," ती म्हणाली, "तेव्हा मला कुणी चल म्हटलं नाही गं."

मग तिने मुलाकडे वळून विचारलं, "मान एवढी पुरे का रे?"

यतीनने तिच्याकडे निरखून पाहिलं, पुढे झाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मान आणखी थोडी खाली दाबली.