भलत्याच झाडाची पानं

सकाळच्या फेरीहून परतताना ती रस्त्यावरची वाळकी पानं उचलायची, आणि उचलण्याआधी कोणी बघत नाही ना, हे बघून घ्यायची. चांगली नीटनेटकी, इस्त्रीच्या कपड्यांतली वयस्कर बाई फुटपाथवरचा कचरा पिशवीत भरते आहे, हे बघून लोक काय म्हणतील? म्हणेनात का! पण कोणी हटकलंच असतं, तर सांगायला तिच्याकडे एकच खरं उत्तर होतं आणि ते सांगायची सोय नव्हती. आमच्या झाडांची पानं गळत नाहीत, म्हणून बाहेरून न्यावी लागतात, असं कोणाला सांगणार?

झाडं तिच्या नवऱ्याची. नवरा चष्मेवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं चिंचोळं दुकान होतं आणि अर्ध्या गावाच्या नाकावर त्यानं चष्मे चढवले होते. गिऱ्हाइकानं ‘काच आहे की प्लास्टिक?’ असं विचारलं की तो भिंग आधी नखानं वाजवून दाखवायचा आणि मग सरळ गिऱ्हाइकाच्या गालाला लावायचा. ‘गार लागतंय ना? मग काच. गालाला फसवता येत नाही साहेब.’ बायकांच्या हातात मात्र भिंग नुसतं ठेवायचा, कारण गल्ल्यावर ही बसलेली असायची. हिला तो फौजदार म्हणायचा. ‘तुमचं तुम्हीच लावून बघा बाई, आमची फौजदार बसलीय तिकडे,’ असं म्हटलं की दुकान हसायचं, आणि ही डोळे वटारून चिल्लर मोजत राहायची. आतून तिला ते नाव फार आवडायचं. हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही.

दुकान विकल्यावर या काचेतल्या माणसानं मातीत हात घातला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत जास्वंद आली, गुलाब आले, नेचा आला, लिंबाचं रोप आलं, आणि एक वेल गजांवर चढून शेजाऱ्यांच्या घरात डोकावायला लागला. कपडे वाळत घालायला जागा उरली नाही म्हणून तिनं थयथयाट केला, तो त्यानं पाईपनं पाणी घालत शांतपणे ऐकून घेतला.

मग विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग जेवलो की नाही ते. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फोटो काढले, आणि आता हे असंच वाढत जाणार, एवढं सांगितलं. तेवढं तिलाही दिसत होतं. तो सकाळी झाडांना पाणी घालायचा, विसरायचा, पुन्हा घालायचा. चहा पिऊन पुन्हा. झारी लपवली तर पेल्यानं घालायचा. पेले लपवले तर नळाखाली ओंजळ धरून, घरभर सांडत, बाल्कनीपर्यंत जायचा. ती ओंजळ बघून तिनं झारी परत जागेवर ठेवली.

सगळ्यांत आधी जास्वंद कुजली. मऊ पडलेलं मूळ हातात धरून तो खाली फरशीवर बसला आणि रडला. आई गेली तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. ‘माझ्या हातानं मेली गं,’ एवढंच म्हणत राहिला. बरं, एकदा रडून संपलं असतं तर तिनं सोसलं असतं. पण रात्रीतून तो ते विसरायचा, सकाळी झारी घेऊन जायचा आणि काडी झालेली जास्वंद बघायचा. रोज सकाळी त्याच्यासाठी ती नव्यानं मरायची. कुंडी उचलून ठेवली, तर दिवसभर ती कुंडी शोधत फिरला.

‘आई, सरळ प्लास्टिकची आणून ठेव ना,’ परदेशातून लेक फोनवर म्हणाली. ‘हल्ली खरी झाडं ठेवतं कोण? आमच्या ऑफिसात तर अख्खी भिंत आहे.’

‘तुझ्या ऑफिसात माणसं तरी खरी आहेत का?’ असं म्हणून तिनं फोन आपटला. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दुकानात गेली.

दुकानदार मोठा हौशी होता. ‘धूळ पुसत राहा, बाकी कशाची म्हणून भीती नाही,’ म्हणाला. नवरा दुपारी झोपलेला असताना तिनं कात्रीनं मेलेली काडी कापली, त्याच कुंडीत, त्याच मातीत नवी जास्वंद घट्ट खोचली. लाल फुलं इतकी लाल होती की तिलाच लाज वाटली. सकाळी तो झारी घेऊन आला आणि थबकला.

‘अगं, ही बघ! फुललीय!’

‘हो,’ ती दारात उभी राहून म्हणाली. ‘फुललीय.’

त्या दिवशी तो रडला नाही. मग झाडं एकेक करून गेली आणि एकेक करून आली. लिंबाचं झाड तिला लिंबं नसलेलं मिळेना. पिवळीधमक डझनभर लिंबं लगडलेलं ते ध्यान घरी आणून तिनं एकेक लिंबू छाटलं. खालच्या मजल्यावरची बाई भांडायला आली, की अहो, किती पाणी गळतंय आमच्या कपड्यांवर! तिनं कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या आणि साचलेलं पाणी गुपचूप मोरीत ओतायला लागली. समोरच्या इमारतीतला गृहस्थ मात्र रोज हात दाखवून म्हणायचा, ‘काय टवटवीत ठेवलीत हो झाडं! खत कुठलं वापरता?’ तिला हसावं की रडावं कळायचं नाही. लोक हल्ली झाड बघतच नाहीत, हिरवा रंग बघतात आणि पुढे जातात. आणि मी तरी कोण मोठी लागून गेले, तिच्या मनात यायचं. तो इतकी वर्षं दाखवत होता तेव्हा मला कुठे एक तरी पान नीट बघायला सवड होती? वाळत घालायच्या चादरींचीच चिंता मला.

एकदा तो म्हणाला, ‘फुलपाखरं येईनाशी झाली.’ मग म्हणाला, ‘आणि पानं कशी गळत नाहीत गं यांची?’ फुलपाखरं तिच्या हातात नव्हती. पानं होती. तेव्हापासून तिनं ही वेचणी सुरू केली. आल्या आल्या पानं कुंड्यांखाली टाकायची, मग तो उठून लहान केरसुणीनं ती गोळा करायचा, आणि झाडून झालं की पाणी. ती दारात उभी राहून बघायची. त्याची वाकलेली पाठ, झारीची धार, ओल्या मातीचा वास. माती तेवढी खरी होती. तेवढा वेळ तिला वाटायचं की काही बिघडलेलं नाही.

त्या दिवशी ती फिरून आली, तेव्हा तो आधीच उठून बाल्कनीत स्टुलावर बसला होता. ऊन कुंड्यांवर आलं होतं. पायाशी झारी भरून ठेवलेली होती, आणि वेलाचं एक पान त्यानं गालाला लावून धरलं होतं.

तिची चाहूल लागताच त्यानं वर बघितलं. ‘या ना बाई. कोणाकडे आलात?’

थट्टा करत असेल, तिला वाटलं. उभ्या जन्मात थट्टेशिवाय बोलला नव्हता. ‘अहो, मी.’

‘हो हो, बसा ना. आमची फौजदार बाहेर गेलीय. येईल एवढ्यात.’

ती बसली. हातातली पानांची पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली. काहीतरी बोलायला हवं, म्हणून म्हणाली, ‘झाडं छान आहेत हो तुमची.’

त्यानं दाराकडे एक नजर टाकली, पुढे वाकला आणि आवाज खाली आणला. ‘प्लास्टिकची आहेत.’

तिनं कुंड्यांकडे बघितलं.

‘खोटं वाटतंय? हे पान गालाला लावून बघा. तुमचं तुम्हीच लावा. मी लावलं आणि फौजदारानं बघितलं, तर माझी धडगत नाही.’ तो हसला. तेच हसू, दुकानातलं. ‘जिवंत पान उन्हातसुद्धा गार लागतं.’

तिनं पान गालाला लावलं. ते चांगलं गरम झालं होतं.

‘मग पाणी कशाला घालता?’ तिनं कसंबसं विचारलं.

‘तिच्यासाठी. ती दारात उभी राहून बघते ना.’ त्यानं झारी पायानं जरा बाजूला सारली. ‘माझं काहीतरी बिघडलंय बाई. मधूनमधून कळतं मला. तिला वाटतं, नाही कळत. न्हाणीघरात नळ सोडून रडते ती, मला ऐकू येतं. पण मी झाडांना पाणी घालताना तिचा चेहरा कसा पूर्वीसारखा होतो. म्हणून घालतो. पुन्हा पुन्हा घालतो. सगळ्याच वेळा काही विसरून नाही घालत.’

खालून कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला. त्यानं गजांतून खाली डोकावून बघितलं.

‘आणि पानं आणून टाकते हो! रोज!’ त्याला एकदम हसू आवरेना. ‘भलत्याच झाडाची! गुलाबाखाली हे एवढं पंख्याएवढं पान! मी आपला झाडून घेतो. तिला सांगू नका हं, मला कळतं म्हणून. मोडून पडेल बिचारी.’

‘नाही सांगणार,’ ती म्हणाली.

‘नक्की?’

‘नक्की.’

तिनं डोळे पुसले. मग उठली, आत गेली, बाहेरचं दार उघडलं आणि मुद्दाम जोरात लावलं. चपला वाजवल्या. रोजच्या जागी, बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, ‘अहो, मी आले. पाणी घालायचं ना?’

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून मागे, घरात, बराच वेळ बघितलं. झारीकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला.

‘बसा ना बाई,’ तो म्हणाला. ‘ती आल्याशिवाय घालून काय उपयोग?’