चाळणी कुठे लावायची

डोंगरातला पूल खचल्याची बातमी दुपारी म्हसावदला, अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, टेबलावरच्या दोन रेडिओंपैकी दुसऱ्यावर आली. नंदुरबारहून कुणीतरी ती शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होतं. वर पाड्यावरचा इंद्रसिंग मात्र आज त्याच पुलावरून भरल्या दिवसांच्या सुनेला जीपने खाली आणणार होता. मोबाइलचा टॉवर बंद होता आणि आमच्याकडून वर जाणारा रस्ता पाण्याखाली गेला होता. एकच आशा होती. अप्पांना रेडिओवर हाक दिल्याशिवाय इंद्रसिंग डोंगर उतरत नसे. अप्पा गेल्यावरही ती सवय त्याने मोडली नव्हती.

शहाद्याहून रिखबचंदकाका आले होते. अप्पांच्या बरोबरीने रेडिओचा परवाना काढलेले ते एकटेच. तेराव्याच्या आधी खोली धुतली, तेव्हा पहिल्या रेडिओच्या सगळ्या तारा सुटल्या होत्या. काका त्या जोडत होते. रेडिओ, मग त्याच्या लहरींचा जोर वाढवणारं मोठं यंत्र, आणि त्याच्या पुढे, अँटेनाच्या तारेजवळ, ती लहान पत्र्याची डबी.

ती डबी म्हणजे चाळणी. एका खोलीत दोन रेडिओ असले की एक बोलताना दुसरा बहिरा होतो. डबी आपल्या पट्ट्यातल्या लहरी तेवढ्या जाऊ देते.

"काका, अप्पा हाई डबी मोठा यंत्रना पहिले लावेत," मी म्हणाले.

"तुन्हा बाप कंजूस व्हता, तार वाचाडे." काका हसले. "बेटी, पानी कव्हय गाळतस? पेवाना टाईमले. गाळीसन भरी ठेवं, त्यामा पुन्हा जीव पडतस. गरनं सर्वास्ना शेवट."

त्यांच्या जैन घरी गरणं, पाणी गाळायचं फडकं, माठाच्या तोंडाशी असतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं.

"दाना पहिले चाळतस काका, मंग दळतस."

"दळाले बसनी का तू?" त्यांनी स्क्रू आवळला.

इंद्रसिंगचा आवाज आला. स्वच्छ, अगदी खोलीतला वाटावा असा. "म्हसावद, म्हसावद. निघू का?"

काकांनी बटण दाबलं. "इंद्रसिंग, निघू नको. पूल—"

यंत्राचा काटा उसळला आणि खाली पडला. लाल दिवा लागला. जळक्या लाखेसारखा वास आला. डबी इतकी तापली की हात लावू देईना. एवढा जोर सोसायला ती केलेलीच नव्हती. रेडिओचं हलकं बोलणं गाळून पुढे द्यायचं, एवढंच तिचं काम.

रेडिओतून आता नुसती खरखर येत होती. मी पदराने धरून डबी काढली. यंत्रही बाजूला केलं आणि रेडिओ सरळ अँटेनाला जोडला. खरखरीतून इंद्रसिंगचा आवाज वर आला. तो कुणाशी तरी बोलत होता, त्याचं बटण अजून दाबलेलंच होतं.

"...नाही, कोणी नाही. अप्पा नाहीत ना आता. तिला धरून बसव. चल, निघू."

तो बोलत होता तोवर आमचं काही त्याला ऐकू जाणार नव्हतं. मग खट्ट आवाज झाला, त्याने बटण सोडलं.

"इंद्रसिंग!" काका ओरडले. "पूल नाही! पूल नाही रे!"

रेडिओचा काटा आता नीट हलत होता, जसा अप्पा असताना हलायचा. काका थांबून ऐकत, पुन्हा हाक देत. दुसऱ्या रेडिओवरचा माणूस पुलाची बातमी शांतपणे सांगत होता. काकांनी बटण दाबलं की तो तुटायचा, सोडलं की पुढचा शब्द यायचा.

वरून उत्तर आलं नाही.